बेढब विभागातले दोन पट्टे

तिला सगळे क्रेनताई म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. गोदामात ती नवीनच लागली होती तेव्हाची गोष्ट. ट्रकमधून आंघोळीचा एक ओतीव लोखंडाचा टब उतरवायचा होता आणि नेमकी त्याच दिवशी क्रेन रुसून बसली होती. पुरुषमंडळी टबाभोवती उभी राहून क्रेनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. ही आली, टबाखाली दोन गोल लाकडं सरकवली आणि खेकसली, "बघत काय राहिलात? फोटो काढायचाय का त्याचा? लावा खांदा!" टब खाली आला. मुकादम म्हणाला, "चला, क्रेन दुरुस्त करायला नको. क्रेन आली." तेव्हापासून ती क्रेनताई.

उंचीने बेताचीच, पण खांदे असे रुंद की बसमध्ये तिच्या शेजारी बसणारा माणूस आपोआप खिडकीला चिकटायचा. कुणाला केसांचा अभिमान असतो, कुणाला हाताच्या चवीचा. हिला आपल्या पाठीचा होता. "माझी पाठ आहे तोवर घराला भिंत आहे," असं ती म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही.

गोदाम म्हणजे पत्र्याची एक लांबच लांब शेड. एका बाजूने मोठे ट्रक पाठमोरे येऊन टेकत, दुसऱ्या बाजूने छोट्या गाड्या माल घेऊन शहरात पांगत. आत पुठ्ठ्याचा, डिझेलचा आणि ओल्या लाकडाचा मिळून एक वास असे, आणि तो कपडे धुतले तरी अंगाबरोबर घरी येत असे. पूर्वी इथे सगळं हातानेच चाले. मग यांत्रिक हात आले. चौकोनी खोकं दिसलं की ते उचलणार, फिरणार, ठेवणार, पुन्हा उचलणार. चहा नको, विडी नको, पोराच्या शाळेत जायचंय म्हणून लवकर सुट्टी नको. खोक्यांवर काम करणारी माणसं एका हिवाळ्यात पांगली. कुणी टॅक्सी चालवायला लागला, कुणी भावाच्या दुकानात उभा राहिला, कुणाचं काय झालं ते कळलंच नाही.

उरला तो चौकोनी नसलेला माल. गुंडाळलेले गालिचे, शिड्या, सायकली, झाडांच्या कुंड्या, हात पसरून बसलेल्या आरामखुर्च्या, मधूनच मुरडणाऱ्या गाद्या. या विभागाच्या पाटीवर 'अनियमित आकार' असं काहीसं लिहिलेलं होतं, पण तेवढं बोलायला वेळ कुणाला? सगळे त्याला बेढब विभाग म्हणत. सकाळी मुकादम हाक मारी, "चला बेढबांनो, लागा कामाला!" कुणाला राग येत नसे. चौकोनी खोक्यांवाल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बेढब असणं हीच इथे पोटापाण्याची सोय होती.

क्रेनताईचा नवरा घड्याळजी. घराच्या खालीच त्यांचं हातभर रुंदीचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसले की माशी उडाली तरी त्यांना कळत नसे. पण लोकांच्या खिशात फोन आले, आणि वेळ विचारायला कुणाला घड्याळ लागेना. ते रोज दुकान उघडत, काचा पुसत, बसत. कधी कुणी सेल बदलायला येई, कधी कुणी पत्ता विचारायला. चिडचिड नाही, तक्रार नाही. फक्त स्वतःच्या मनगटाला घड्याळ बांधायचं त्यांनी सोडून दिलं होतं. क्रेनताईच्या ते लक्षात आलं होतं, पण तो विषय तिने कधी काढला नाही. काही गोष्टी पाहिल्या की न पाहिल्यासारखं करायचं असतं. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं तिला कळत होतं.

तर असं घरातलं एक माणूस यंत्राने आधीच घरी बसवलेलं. दुसरं बसून चालणार नव्हतं.

आणि नेमकी पाठीनेच दगा दिला.

एक गालिचा उचलून ती वळत होती. जड होता, पण तसे तिने शेकड्याने उचलले होते. वळताना कंबरेत डावीकडे काहीतरी कट्‌कन सरकलं आणि तापलेली सुई ओढावी तशी कळ पायापर्यंत गेली. तिने गालिचा नीट जागेवर ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि आधी इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. मग तिने श्वास सोडला.

त्या दिवसापासून घरी आली की गरम पाण्याची पिशवी, तेल, आणि जमिनीवर उताणं पडून राहणं.

"डॉक्टरकडे जा," घड्याळजी तेल चोळता चोळता म्हणत.

"डॉक्टर काय सांगणार आहे नवीन? आराम करा म्हणेल. आणि मी आराम केला की तिकडे म्हणतील, करा की, कायमचाच करा."

"अगं पण अशी किती दिवस रेटशील?"

"तुम्ही चोळा हो. खाली, अजून खाली. हं."

अशात एक दिवस मोठ्या साहेबांनी सगळ्यांना चहाच्या मशिनपाशी बोलावलं. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. फक्त अवघड बोलायचं असलं की स्वतःच्या बुटांकडे बघून बोलायची त्याला सवय होती, आणि त्या दिवशी तो पहिल्या वाक्यापासून बुटांकडेच बघत होता. म्हणाला, बेढब मालासाठीही आता एक यंत्र निघालंय, रबरी बोटांचं. ते काही महिने वापरून बघायला येतंय. आणि त्याच वेळी तुमच्यासाठी अंगावर घालायचे पट्टे येतायत, ओझं हलकं करणारे. दोन्ही शेजारी शेजारी चालू देत. मग ठरवू.

"काय ठरवणार?" कुणीतरी मागून विचारलं.

"कुठलं काम कुणाकडे द्यायचं ते."

एवढं बोलून साहेब गेला. त्याच्या मागे बराच वेळ कुणी कप उचलला नाही.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा घड्याळजी म्हणाले, "पट्टा? पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो."

"गळ्यात नाही, कंबरेला आहे."

"मग काय बैलाचा आहे का?"

ती हसली, आणि हसताना कळ आली म्हणून गप्प झाली.

पट्टे घेऊन आली ती एक तरतरीत बाई होती, जेमतेम तिशीची, कायम घाईत, केसांत पेन खोचलेलं. ती पट्ट्यांची इंजिनियर. पण पहिल्याच दिवशी मुकादमाने तिची ओळख करून दिली, "या बघा, पट्टेवाल्या मॅडम," आणि सगळे फिसकन हसले. तिला वाटलं पट्ट्यांनाच हसतायत. दोन दिवसांनी कुणीतरी तिला सांगितलं की पट्टेवाला म्हणजे ऑफिसातला शिपाई. तर ती स्वतःच खो खो हसली आणि दारावर 'पट्टेवाली' असा कागद चिकटवून मोकळी झाली. तेव्हापासून ती सगळ्यांची झाली.

पट्टा म्हणजे खरं तर एक हलका सांगाडा. खांद्यावरून दोन फिती, कंबरेला रुंद पट्टा, मांड्यांना दोन कडी, आणि कंबरेच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढ्या मोटारी. वाकलं की तो बरोबर वाकायचा. ओझं घेऊन सरळ व्हायला लागलं की मागून कुणीतरी अदबीने उचलून धरल्यासारखं वाटायचं. "पहिले काही दिवस हा तुम्हाला शिकतो," पट्टेवाली म्हणाली. "तुमची उंची, तुमची चाल, तुम्ही कसे वाकता. मग तुमच्या मापाने मदत करतो. म्हणून ज्याचा पट्टा त्यानेच घालायचा, हां." आत बक्कलाजवळ एक बारका दिवा होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे पाठीवर ताण, आणि लाल म्हणजे थांबा. लाल झाला की पट्टा शिट्टी मारायचा.

पहिल्या दिवशी क्रेनताईने पट्टा घालून एक कुंडी उचलली आणि तिचे डोळे भरून आले. कळ आलीच नाही. किती दिवसांनी तिने काहीतरी उचललं होतं आणि दात आवळले नव्हते! कुणी बघू नये म्हणून तिने कुंडीतल्या झाडाआड तोंड लपवलं.

पण दुपारी वाकून बघते तर दिवा पिवळा. दुसऱ्या दिवशीही पिवळा. आणि तिसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत बातमी आली. कुणी आणली कोण जाणे; अशा बातम्यांना पाय नसतात, पंखच असतात. बातमी अशी की पट्टा सगळं नोंदवून ठेवतो. कुणाची पाठ किती चांगली, किती वाईट. ज्यांचा दिवा बिघडेल त्यांना आधी काढणार, आणि त्यांच्या जागी ते रबरी बोटांचं धूड.

क्रेनताईने अर्धा डबा तसाच झाकून ठेवला. दुपारपासून सगळ्यांचे शर्ट दिव्यावर ओढलेले दिसू लागले.

आता इथे मौनीची ओळख करून द्यायला हवी. मौनी हा बेढब विभागातला दुसरा खांब. ताडमाड उंच, चाळिशीचा, दिवसाकाठी चार शब्द बोलला तर मुकादम म्हणायचा, "आज मौनीला बोलायचा झटका आला." कितीही जड असलं तरी त्याच्या तोंडून हुं की चूं नाही. क्रेनताईला वाटायचं, हा माणूस लाकडाचा केलेला असणार. रात्री घरी जाऊन भिंतीला टेकवून ठेवत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला गाद्यांच्या थप्पीमागे गाठलं. बोलायला जड जात होतं, पण जीव मुठीत धरून तिने सुरुवात केली.

"मौनी, तुझ्यापाशी एक काम आहे. नाही म्हणालास तरी राग नाही. माझी पाठ जरा... म्हणजे तो दिवा... तर मी म्हणत होते, काही दिवस आपण पट्टे..."

"बदलू," मौनी म्हणाला.

तिचं वाक्यही पूर्ण झालं नव्हतं. केवढं मोठं मन म्हणायचं या मुक्या माणसाचं! तिची दुखरी पाठ त्याने आपल्या नावावर घेतली, तेही एक प्रश्न न विचारता. "तुझे उपकार विसरणार नाही रे," ती म्हणाली. मौनी मान खाली घालून फिती सैल करत राहिला. लाजतोय, असं तिला वाटलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी गाद्यांच्या थप्पीमागे अदलाबदल होऊ लागली. खरी गंमत पुढे झाली. मौनीचा पट्टा मौनीला शिकलेला होता. क्रेनताई वाकली की त्याला वाटायचं, हा लांबलचक माणूस अजून निम्माच वाकलाय. मग तो तिला आणखी खाली ढकलायचा. एकदा ती एका खुर्चीला नमस्कार घातल्यासारखी पालथी झाली. आणि तिकडे क्रेनताईचा पट्टा मौनीला वाकू देतो न देतो तोच फटदिशी सरळ करायचा. ओझं हातात यायच्या आधीच बिचारा उभा! मुकादम लांबून बघायचा आणि म्हणायचा, "काय रे, या दोघांनी सकाळी काय घेतलंय?"

पट्टेवाली तर चक्रावून गेली होती. रोज दोघांचे पट्टे तपासायची, बॅटऱ्या बदलायची, मोटारी उघडून पुन्हा बसवायची, डोकं खाजवायची. "बाकी सगळे सुतासारखे सरळ चालतात, तुमच्याच दोघांच्या पट्ट्यांच्या अंगात काय येतं?" ती विचारायची. क्रेनताई छताकडे बघायची. मौनी तर मौनीच होता.

दरम्यान ते नवं यंत्र आलं होतं. रबरी बोटांचं, बुटकं, चाकांवर फिरणारं. गुंडाळलेला गालिचा ते इतक्या मायेने उचलायचं की बघत राहावं. गाद्यांतही ते तरबेज निघालं. सायकल मात्र त्याला उमजत नव्हती. हँडल वळलं की ते थांबून विचारात पडायचं, आणि त्याचा विचार संपेपर्यंत दोन माणसांच्या दहा सायकली लागून जायच्या. क्रेनताई येता जाता त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघायची. द्वेष नाही म्हणता येणार, पण सवतीचं पोर गुणी निघावं तसं काहीतरी.

मग एका सकाळी घोडे आले.

कुठल्याशा जत्रेतलं जुनं फिरतं चक्र विकलं गेलं होतं आणि त्याचे लाकडी घोडे ट्रक भरून आले होते. खऱ्या शिंगरांएवढे, रंगीत, मान वर केलेले, चारी पाय हवेत. कुणाची शेपूट ताठ, कुणाचं तोंड उघडं. यंत्र पहिल्या घोड्यापाशी गेलं, पायाला बोटं लावली, पोटाला लावली, मानेला लावली, आणि थबकलं. पुढे गेलं, मागे आलं. शेवटी दिवे लुकलुकवत बाजूला जाऊन उभं राहिलं. साहेब, पट्टेवाली, मुकादम, सगळे बघायला जमले होते. "बेढबांनो," मुकादम म्हणाला, "तुमचे नातेवाईक आलेत. उतरवून घ्या."

हशा झाला आणि काम सुरू झालं. एका घोड्याला दोन माणसं. एकाने छाती धरायची, दुसऱ्याने मागचा भाग, आणि ट्रकला लावलेल्या उतरत्या फळीवरून खेकड्यासारखं आडवं चालत खाली यायचं. क्रेनताई आणि मौनीची जोडी. पहिला घोडा उतरला, मग आणखी एक. तिला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी सगळे तिच्याकडे जुन्या नजरेने बघत होते. तिसरा घोडा निळा होता, सगळ्यांत जड. फळीच्या मध्यावर आले आणि तिचा, म्हणजे मौनीचा, पट्टा तिला खाली ढकलू लागला. त्याच क्षणी मौनीच्या अंगावरचा तिचा पट्टा त्याला ताठ उभा करू लागला. घोड्याचं तोंड आभाळाकडे गेलं. आणि दोन्ही पट्ट्यांनी एकदम शिट्टी मारली.

पीं पीं पीं.

दोघं निळा घोडा छातीशी धरून उभी, दोघांच्या शर्टाखाली लाल उजेड. बाकीचे धावले, घोडा अलगद खाली घेतला. कुणाला काही लागलं नाही. पण पट्टेवाली हातातल्या टॅबच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "ताई, दादा, उद्या सकाळी दोघं माझ्या खोलीत या." आणि मागे साहेब होता. बुटांकडे बघत होता.

संध्याकाळी क्रेनताईने ताट पुढे सरकवून दिलं.

"माझं जाऊ द्या हो," ती घड्याळजींना म्हणाली. "माझं व्हायचं ते होईल. पण त्या पोराची पाठ धडधाकट. माझ्या पाठीपायी त्याच्या पट्ट्याला लाल डाग लागला. घरी त्याची म्हातारी आई आहे. त्याला काढला तर मी कुठल्या तोंडाने जगू?"

घड्याळजींना अदलाबदलीचं त्या दिवशीच कळलं. ते रागावले नाहीत. ताटातल्या पाण्याच्या थेंबावर बोट फिरवत राहिले.

"मग उद्या जा आणि सरळ सांगून टाक," ते म्हणाले. "घरी बसलीस तर बसलीस. दुकानात दोन स्टुलं आहेत."

"तुम्हाला चालेल?"

"चालेल कसलं? मला भीती वाटते त्याची," ते म्हणाले, आणि हे ते पहिल्यांदाच म्हणत होते. "रोज तू निघालीस की मला वाटतं, घरातलं एक तरी चालू आहे. पण खोटं बोलून चालू राहायचं, त्यात काही राम नाही."

सकाळी पट्टेवालीच्या खोलीत साहेबही बसला होता. टेबलावर दोन्ही पट्टे मेलेल्या खेकड्यांसारखे उताणे पडले होते. पट्टेवालीने तोंड उघडायच्या आत क्रेनताई बोलली.

"मॅडम, साहेब, एक सांगायचंय. याची काही चूक नाही. पट्टे आम्ही बदलले होते. मीच मागितला. पाठ माझी बिघडलीय. याच्या पट्ट्यात जे काही वाईट दिसतंय ते माझं आहे."

"नाही," मौनी म्हणाला.

सगळे वळले. मौनीचे कान लाल झाले होते.

"ताईच्या पट्ट्यात जे दिसतंय ते माझं आहे. माझी पाठ दोन वर्षांपासून गेलीय."

"तुझी?" क्रेनताईच्या तोंडाचा आ झाला.

"तुम्ही पट्ट्यांचा विषय काढलात तेव्हा मला वाटलं, देवच पावला. म्हटलं, क्रेनताईची पाठ लोखंडाची, सगळ्यांना ठाऊक आहे. माझं दुखणं त्यांच्या नावावर लागलं तर कोण विश्वास ठेवणार? पट्टाच बिघडलाय म्हणतील." त्याने एक श्वास घेतला. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब भाषण असावं. "माफ करा, ताई."

"अरे मेल्या! आणि मी तुला साधू समजत होते!"

"एक मिनिट, एक मिनिट," पट्टेवालीने कपाळाला हात लावला. "म्हणजे नक्की कुणाची पाठ बिघडलीय?"

"माझी," दोघं एकदम म्हणाली.

पट्टेवालीने केसांतलं पेन काढलं, टेबलावर आपटलं आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "किती दिवस! किती दिवस मी या मोटारी उघडतेय! माझ्या घरी मी सांगितलं, मला काही येत नाही, मी नोकरी सोडते! आणि तुम्ही... गाद्यांमागे..." तिला पुढे बोलवेना.

हसू आवरल्यावर तिने समजावून सांगितलं. लाल दिवा लागतो तो माणसाला शिक्षा म्हणून नाही. पट्ट्याची मदत कमी पडतेय, माप चुकलंय, एवढंच तो सांगतो. "लाल म्हणजे नापास मी. तुम्ही नाही. तुमचा पहिल्या दिवशीचा पिवळा दिवा बघूनच मी तुमच्या पट्ट्याचा जोर वाढवणार होते, ताई. वाढवलाही. पण तो वाढवलेला जोर दादांना उभं करत बसला."

"पण मग ती नोंद? कुणाला काढायचं ते?"

आता साहेबाने बुटांवरची नजर उचलली. बहुतेक पहिल्यांदाच. "कसली नोंद?" त्याने विचारलं. तिने जेवणाच्या सुट्टीतली बातमी सांगितली, अडखळत. साहेबाचा चेहरा पडला. "कुणाची पाठ कशी आहे हे मला दिसतच नाही," तो म्हणाला. "पट्टे घेताना तसंच ठरलंय. ते फक्त मॅडमना आणि गोदामाच्या डॉक्टरांना दिसतं. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल." तो थोडा थांबला. "चूक झाली माझी. आणि राहिलं ते यंत्र. गालिचे आणि गाद्या त्याला देतोय. त्याच कामात तुमच्या पाठी जातात, असं डॉक्टर म्हणाले. बाकी सगळा माल पट्टेवाल्या माणसांकडे. कुणालाही काढत नाहीये. पुढच्या पाचदहा वर्षांचं मला विचारू नका, ते मला माझंही माहीत नाही. पण हे एवढं कालच ठरलंय. घोडे बघून."

क्रेनताई खुर्चीत बसली. कितीतरी दिवसांपासून छातीवर जी शिळा होती ती कुणीतरी बाजूला केली होती आणि आता इतकी हवा एकदम आत येत होती की तिला ती कुठे ठेवावी कळेना. तिने मौनीकडे पाहिलं. मौनी रडत होता, अर्थातच आवाज न करता.

"मुकाट रडायलासुद्धा येतं होय तुला," ती म्हणाली आणि स्वतःच हुंदका देऊन हसली.

दुपारी दोघांना डॉक्टरकडे पाठवलं, गोदामाच्याच गाडीने. डॉक्टरने तिला पालथं झोपवलं, पाय वर करायला लावले, कुठे दुखतं विचारलं. नस दबली आहे, तुटलेली नाही, असं सांगितलं. महिनाभर हलकं काम, रोज व्यायाम, आणि पट्टा स्वतःचाच. "आधीच आला असतात तर?" डॉक्टरने विचारलं. बाहेरच्या बाकावर मौनी आपल्या पाळीची वाट बघत होता, आत जाताना तो म्हणाला, "ताई, थांबा हं. एकटा घाबरतो मी." त्या दिवसात त्याचे शब्द इतके झाले की मुकादमाला हे पटवणं पुढे आठवडाभर जड गेलं.

घरी येऊन तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिचं संपल्यावर घड्याळजी उठले, भिंतीकडे तोंड करून उगाच कपबशा इकडच्या तिकडे केल्या. मग नाक शिंकरलं.

"काय झालं?"

"काही नाही. धूळ आहे. डॉक्टरने व्यायाम दिलेत म्हणालीस ना? चल, दाखव."

ती चटईवर उताणी झोपली. घड्याळजी चष्मा नाकावर चढवून डॉक्टरच्या कागदावरची चित्रं बघू लागले. "गुडघा छातीपाशी घ्या. हं. आता दुसरा. आता कंबर उचला." तिला काही कळेना म्हणून ते शेजारी स्वतःच झोपून दाखवायला लागले, आणि गुडघा छातीपाशी नेला तो तिथेच अडकला. पुढे येईना, मागे जाईना.

"अगं, अगं, पेटका! धर, धर!"

"थांबा, हलू नका!" क्रेनताईने कुशीवर वळून त्यांचा पाय धरला आणि हळूहळू सरळ करू लागली. वळताना कळ आली, पण बारीकशी. तिकडे लक्ष द्यायला तिला सवड नव्हती. ती इतकी हसत होती की हातातून पाय निसटत होता, आणि घड्याळजी "हसू नको, दुखतंय" म्हणत स्वतःच हसत होते. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने जिन्यातून हाक मारली, "काय हो, सगळं ठीक आहे ना खाली?"

"ठीक आहे हो," क्रेनताईने ओरडून सांगितलं. "अगदी ठीक आहे."